वयात येणाऱ्या मुलांचे दात: घर काय देतं आणि समाज काय शिकवतो

आठ-नऊ वर्षांचं मूल सांगितलं की दात घासतं. तेच मूल पंधराव्या वर्षी रात्री ब्रशला हात लावत नाही, दिवसभर काही ना काही तोंडात टाकत राहतं आणि दंतवैद्याचं नाव काढलं की विषय बदलतं. घरोघरी याचा ठपका वयावर, आळसावर किंवा मोबाइलवर ठेवला जातो. दात का घासायचे, हे त्या मुलाला माहीत नसतं असं मुळीच नाही. शाळेत शिकवलेलं असतं, पाठ असतं, विचारलं तर तो घडाघडा सांगेल. तरीही करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. त्यातल्या जवळपास दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांना कीड लागलेली आहे आणि तिच्यावर उपचार झालेले नाहीत. हा आजार बहुतांशी टाळता येतो आणि तो कसा टाळायचा हेही गुपित नाही. मग अडतं कुठे? माझ्या मते उत्तर मुलाच्या डोक्यात शोधण्यापेक्षा तो ज्या घरात आणि ज्या माणसांत वाढतो तिथे शोधायला हवं.

आधी दाताचं गणित

दाताच्या वरच्या पांढऱ्या कठीण थराला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिजं असतात. त्याची एक मोठी उणीव आहे: त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही.

दातांवर जिवाणूंचा एक चिकट पातळ थर सतत साठत असतो. त्याला प्लाक म्हणतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जिवाणू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. दाताजवळची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली (शास्त्रीय भाषेत पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला) की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. नंतर लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि लाळेतलं कॅल्शियम व फॉस्फेट इनॅमलमध्ये परत बसू लागतं. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत झीज सुरू होते आणि पूर्ववत व्हायला वीस मिनिटांपासून तासभर लागू शकतो.

शेताच्या बांधाचं असंच असतं. पावसाची मोठी सर आली तर बांधाची थोडी माती वाहून जाते, पण मध्ये उघडीप मिळाली तर शेतकरी डागडुजी करून घेतो. दिवसरात्र रिपरिप चालू राहिली तर डागडुजीला उसंत मिळत नाही आणि एक दिवस बांध फुटतो. दाताचा बांधही असाच, उघडीप न मिळाल्याने फुटतो. म्हणून एका वेळी किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं, याला जास्त महत्त्व आहे.

हे कळलं ते एका अतिशय क्लेशदायक प्रयोगातून. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांच्या संस्थेत काही रुग्णांना जेवणासोबत साखर, तर काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळेत दाताला चिकटून राहणारी टॉफी दिली गेली. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांचे दात असे जाणूनबुजून किडवणं अमानुष होतं. आज कोणतीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही. पण त्या रुग्णांनी जी किंमत मोजली तिच्यातून निघालेला निष्कर्ष विसरणंही बरं नव्हे: जेवणासोबतच्या साखरेने फारसं बिघडलं नाही, मधल्या वेळच्या चिकट गोडाने कीड झपाट्याने वाढली.

नेमकं याच वयात का बिनसतं

साधारण ११ ते १३ व्या वर्षी दुसऱ्या कायमच्या दाढा येतात. नव्याने आलेल्या दाताचं इनॅमल अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. लाळेतली खनिजं शोषत ते पुढची काही वर्षं घट्ट होत जातं. म्हणजे चार नवे, कच्चे दात तोंडाच्या पार मागच्या, ब्रश नीट न पोचणाऱ्या कोपऱ्यात उगवतात, आणि तेही मूल मोठ्यांचं ऐकणं सोडतं त्याच सुमारास.

याच काळात शरीरातली संप्रेरकं बदलतात. त्यामुळे प्लाक तेवढाच असूनही हिरड्या जास्त सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. रक्त आलं की मूल ती जागा घासायचं टाळतं, प्लाक आणखी साठतो, हिरडी आणखी सुजते. खरं तर अशा जागी मऊ ब्रशने हळुवारपणे, पण रोज घासायला हवं.

वयात येताना झोपेचं घड्याळही पुढे सरकतं. मुलं उशिरापर्यंत जागतात, जागताना खातात आणि तशीच झोपतात. झोपेत लाळ खूपच कमी सुटते, म्हणजे डागडुजी करणारा हात रात्री थांबलेला असतो. म्हणून दोन वेळांपैकी रात्रीचं दात घासणं अधिक मोलाचं आहे आणि नेमकं तेच आधी सुटतं. कोणाच्या दातांना तारा बसवलेल्या असतात, त्यांच्या कडेला प्लाक अडकून पांढरे डाग पडतात.

आईवडील काय करतात? बहुतेक पालक मूल सात-आठ वर्षांचं झालं की बाजूला होतात. "आता मोठा झालास, तुझं तू बघ." लहान मुलाच्या बाबतीत हे ठीकच आहे, कारण तोवर ब्रश नीट धरण्याइतकं बोटांवर नियंत्रण आलेलं असतं. पण हात शिकला म्हणजे सवय शिकली असं नसतं, आणि हा फरक पुढच्या पाच-सात वर्षांत महागात पडतो.

सवय सांगून लागत नाही

माणूस सवयी दोन वाटांनी उचलतो. एक म्हणजे आपल्या माणसांना करताना पाहून. वडील रात्री जेवून थेट झोपायला जात असतील आणि मुलाला मात्र "दात घासून ये" म्हणत असतील, तर मूल त्यातून एकच गोष्ट शिकतं: दात घासणं हे लहानांचं काम आहे, मोठं झालं की त्यातून सुटका होते. मग मोठं दिसण्याची घाई झालेल्या वयात ते काय करेल हे वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट घराच्या रचनेची. फ्रिज उघडला की समोर काय दिसतं, तहान लागल्यावर हात कशाकडे जातो, जेवणाची वेळ ठरलेली आहे की जो तो आपापल्या वेळी खातो, ब्रश सहज हाताला लागतो की कपाटात मागे असतो. या गोष्टी कोणी शिकवत नाही, पण रोज शिकवल्या जातात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली. ती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. पालकांनी यातून घ्यायचं ते असं की एका रात्रीच्या चुकीवर आकांडतांडव करण्यात अर्थ नाही, आणि आठवडाभराच्या शिस्तीवर निर्धास्त होण्यातही नाही.

पण घराची रचना एकट्याने पुरते का? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका बालगृहाने दिलं, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. न्यू साउथ वेल्समधल्या बौरल इथे होपवूड हाउस नावाची संस्था होती. तिथल्या मुलांना तान्हेपणापासून बहुतांशी शाकाहारी, कोंड्यासकट धान्याचं जेवण मिळे. साखर आणि मैदा जवळजवळ नसेच. १९४० आणि ५० च्या दशकांत दंतवैद्यांनी या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली. तेराव्या वर्षी त्यांच्या किडलेल्या, भरलेल्या किंवा काढलेल्या दातांची सरासरी १.६ भरली. त्याच वयाच्या बाहेरच्या मुलांची सरासरी १०.७ होती. होपवूडच्या निम्म्याहून अधिक मुलांना एकही कीड नव्हती, बाहेर असं मूल शोधूनही सापडणं कठीण होतं.

आता पुढचं ऐका. ही मुलं दात नीट घासत नव्हती. पुष्कळांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. त्यांचे दात वाचवले ते जेवणाने. वयात आल्यावर ती संस्थेबाहेर पडली, इतरांसारखं खाऊ लागली, आणि त्यांच्या दातांना बाहेरच्या मुलांच्याच वेगाने कीड लागू लागली. तेरा वर्षं मिळालेलं संरक्षण त्यांच्यासोबत दाराबाहेर गेलं नाही.

प्रत्येक घर एका अर्थी छोटं होपवूड असतं. आईवडिलांच्या नियमांमुळे मुलाचे दात दहा-बारा वर्षं शाबूत राहतात आणि आपण समजतो की मुलाला सवय लागली. सवय घराला लागलेली असते. मूल मित्रांसोबत खाऊ लागलं, खिशात स्वतःचे पैसे आले, शिकायला दुसऱ्या गावी गेलं की खरं काय ते कळतं. म्हणून किशोरवयातलं पालकांचं काम नियम आणखी कडक करण्याचं नाही. नियमाची मालकी हळूहळू मुलाकडे सोपवण्याचं आहे.

समाज कुठे शिरतो

घर हवेत तरंगत नसतं. काय सामान्य आणि काय विचित्र, हे घराला भोवतालचा समाज सांगतो. दातांच्या बाबतीत चार-पाच समजुती बहुतेक समाजांत वेगवेगळ्या रूपांत आढळतात.

पहिली, गोड म्हणजे माया. परीक्षा झाली, पाहुणे आले, रुसवा काढायचा आहे, कुणाचं काही चांगलं झालं, की गोड पुढे येतं. आजी-आजोबांच्या हातून तर हमखास. हे तोडून टाका असं मी म्हणणार नाही. माया दाखवण्याची रीत माणसाला हवीच असते आणि ती मोडू पाहणाऱ्या डॉक्टरचं घरात कोणी ऐकत नाही. पण तेच गोड जेवणाच्या ताटात आलं तर दाताला उघडीप मिळते. दिवसभर वाटीतून एकेक उचललं तर मिळत नाही. आजीशी भांडण्यापेक्षा वेळ बदलणं सोपं आहे.

दुसरी समजूत अधिक घातक: दुखलं तरच दंतवैद्य. कित्येक घरांत तीन पिढ्यांत कोणीही दुखत नसताना दात दाखवलेले नसतात. कीड सुरुवातीला दुखत नाही, ती दाताच्या आतल्या, नसा असलेल्या मज्जेपर्यंत पोचली की दुखते. म्हणून अशा घरातला माणूस दवाखान्यात पोचतो तोवर दात काढणं किंवा मुळापर्यंतचा लांबलचक उपचार एवढंच उरलेलं असतं. त्यातून दंतवैद्य म्हणजे वेदना हे समीकरण पक्कं होतं आणि पुढची पिढी आणखी उशिरा जाते. हे चक्र एकदा तरी कोणीतरी न दुखता जाऊन तोडावं लागतं.

तिसरी, दुधाचे दात काय, पडणारच आहेत. दुधाच्या दाढेची कीड खालच्या कायमच्या दाताला बाधू शकते, दाढ लवकर काढावी लागली तर कायमचे दात वेडेवाकडे येतात. शिवाय ज्या मुलाला नऊ वर्षं "हे दात महत्त्वाचे नाहीत" असं वागवून दाखवलं, त्याला दहाव्या वर्षी "आता महत्त्वाचे आहेत" हे पटवणं कठीण जातं.

आणि मग दिसणं. या वयात आरशासमोर तास जातो. दात पांढरेशुभ्र, सरळ हवेत, हा आग्रह आता पडद्यावरून थेट हातातल्या फोनवर येतो. याने एक फायदा होतो, मुलं ब्रश करू लागतात. तोटाही आहे. दात पांढरे करण्याच्या नादात लिंबू, सोडा, कोळशाची भुकटी असं काहीही घासलं जातं. लिंबातलं आम्ल इनॅमल विरघळवतं, खरखरीत भुकटी ते झिजवते. निरोगी दाताचा रंग किंचित पिवळसर असतो, हे एवढं घरात कोणीतरी सहजपणे सांगितलेलं असलं तरी पुष्कळ त्रास वाचेल.

स्थलांतर करून दुसऱ्या समाजात राहायला गेलेल्या कुटुंबांत हे सगळं एकदम उघडं पडतं. आईवडील जुन्या सवयी घेऊन आलेले, मुलं नव्या मित्रांचं खाणं उचलणारी. जुन्या समाजातलं साधं जेवण सुटतं आणि नव्या समाजातली नियमित तपासणीची रीत मात्र घरात येत नाही, भाषेमुळे, खर्चामुळे, संकोचामुळे. दोन्हीकडचं नको ते गळ्यात पडतं.

"आमच्या घराण्याचेच दात वाईट" असं असतं का?

थोडंफार असतं. इनॅमलची घडण, दातांची ठेवण, लाळेचं प्रमाण यांत आनुवंशिकतेचा वाटा आहे. पण "घराण्यात आहे" म्हणून आपण ज्याला नशीब समजतो त्यातलं बरंच काही रक्तातून आलेलं नसतं. कीड लावणारे जिवाणू जन्मतः तोंडात नसतात. ते तान्हेपणी आणि शैशवात सांभाळणाऱ्या माणसांच्या, बहुधा आईच्या, लाळेतून येतात. त्याच घरातून जेवणाची वेळ, गोडाची आवड, ब्रशचा कंटाळा आणि दवाखान्याची धास्तीही येते.

न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून थोड्या अधिक मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. ही मुलं पाच वर्षांची असताना ज्यांच्या आईने स्वतःच्या दातांची अवस्था वाईट सांगितली होती, त्यांचे दात बत्तिसाव्या वर्षीही इतरांपेक्षा वाईट निघाले. यात रक्त किती आणि राहणी किती हे नेमकं वेगळं काढता येत नाही. राहणीचा भाग बदलता येतो, एवढं मात्र नक्की.

"म्हणजे सगळा दोष आईबापांचा?"

नाही, आणि हा प्रश्न रास्त आहे. त्याच डनेडिनच्या अभ्यासात असंही दिसलं की गरीब घरात वाढलेल्यांचे दात २६ व्या वर्षी जास्त खराब होते, पुढे त्यांची परिस्थिती सुधारली असली तरीही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला रात्री मुलाच्या ब्रशवर लक्ष ठेवायला वेळ कुठून येणार? दवाखाना दूर आणि महाग असेल तर "दुखलं तरच जायचं" ही निव्वळ समजूत नसते, तो हिशेब असतो. अशा घराला उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून काही समाजांनी हे काम घराबाहेरही वाटून घेतलं आहे. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल या सरकारी कार्यक्रमात बालवाडीतच रोज देखरेखीखाली मुलांचे दात घासून घेतले जातात. घरी जमलं नाही तरी दिवसातून एकदा तरी फ्लोराइड दाताला लागतं, आणि दात घासणं ही सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे असं मुलाच्या मनात बसतं. फ्लोराइड हे इनॅमलची डागडुजी पक्की करणारं खनिज. ते असलेली टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती उगाच नाही.

आणखी एक. मुलांच्या दातांबद्दल बोलताना सगळे आईकडेच बघतात. घरात वडील, काका, थोरली भावंडं असतात आणि पंधरा वर्षांचा मुलगा बहुधा त्यांच्याकडेच पाहत असतो.

"जुन्या माणसांना कुठे होती टूथपेस्ट?"

नव्हती, आणि त्यांच्याकडे स्वस्त साखरही नव्हती. एकोणिसाव्या शतकात साखर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली आणि कीड फोफावली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे आणि जपानमध्ये साखरेचा तुटवडा झाला, तेव्हा मुलांच्या दातांची कीड घटल्याची नोंद आहे. साखर परत आली तशी कीडही आली. आजोबांसारखं टूथपेस्टशिवाय राहायचं तर आजोबांसारखं खायलाही हवं.

मग घरात काय बदलायचं

तहानेला पाणी, हा सर्वांत मोठा बदल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे वरून घातलेली साखर, आणि मध व फळांच्या रसातलीही, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असेल तर उत्तम. मोठ्या माणसाच्या हिशेबात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. गोड शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात बहुधा ३० ते ३५ ग्रॅम साखर असते, आणि तो तासभर घोट घोट घेत प्यायला तर तासभर रिपरिप. घरात तो साठवूनच ठेवला नाही तर रोजचं भांडण वाचतं. बाहेर मुलगा पिणार, पिऊ दे. चोवीस तासांतली घरातली वेळ तरी दाताला मोकळी मिळते.

रात्रीचं दात घासणं सगळ्यांनी एकाच वेळी करावं, मोठ्यांनीसुद्धा. हजार ते दीड हजार पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, आणि नंतर थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. ही शेवटची गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. जेवण झाल्या झाल्या ब्रश केला तर नंतरचं खाणंही आपोआप कमी होतं.

"ऐकलं नाहीस तर दंतवैद्याकडे नेईन" हे वाक्य घरातून कायमचं जावं. दवाखान्याची भीती मुलं आईवडिलांच्या चेहऱ्यावरून वाचतात. तुम्हालाच भीती वाटत असेल तर तपासणीला मुलासोबत जायला घरातलं दुसरं कोणी पाठवा. आणि चौदा-पंधराव्या वर्षापासून मुलाला खुर्चीत एकट्याला बसू द्या, दंतवैद्याला त्याच्याशी थेट बोलू द्या. तंबाखू, सिगरेट, वेपिंग यांबद्दल मूल आईसमोर बोलणार नाही, तिथे बोलेल. पुढची तारीखही त्यानेच घ्यावी आणि त्यानेच लक्षात ठेवावी.

तपासणीत कीड निघाली तर त्या दिवशी रागावू नका. कीड पांढऱ्या डागाच्या अवस्थेत असेल तर फ्लोराइड आणि नीट घासणं यांनी ती थोपवता येते, कधी परतवताही येते. खड्डा पडला असेल तर भरावा लागतो, पण लहान खड्डा भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. बोलणी खाल्लेलं मूल पुढच्या वेळी दाढ ठणकू लागली तरी महिनोन्‌महिने लपवतं, एका बाजूने चावत राहतं, आणि अर्ध्या तासात भरता आला असता तो दात काढायची वेळ येते.